बुधवारची वजनं

दोन लांबट खोल्या, मधे पडवी, अठरा बाजा, अठरा पितळ्या, एक विहीर, एक कडुनिंब, पत्र्याला तीन ठिकाणी गळती, आणि पडवीत भिंतीला टेकून ओळीनं बसलेली एकोणीस माणसं.

मी पुन्हा मोजलं. एकोणीसच. माझ्या हातातल्या यादीत मात्र अठरा नावं होती.

श्रावणातली भुरभुर चालली होती. सगळ्यांनी डोक्यावरून घोंगड्या ओढून घेतल्या होत्या, त्यामुळे बाई कोण आणि बुवा कोण हेसुद्धा कळत नव्हतं. टोकाला बसलेला एक जण तर गुडघ्यांत मान घालून कुडकुडत होता. मी त्याच्यापाशी वाकले आणि मोठ्यानं, सावकाश विचारलं, "आजोबा, तुमचं वय किती?"

घोंगडी हलली. आतून दाट केसांचं एक ओलं डोकं वर आलं. पाठोपाठ दोन डोळे... अगदी तरणे, आणि हसू दाबून धरलेले.

"नागपंचमीला सत्ताविसावं लागलं," तो म्हणाला. "तसं दिसत नसेल तर इथल्या पाण्याचा दोष."

पडवीभर सगळी बोळकी हसायला लागली. मी यादी पुढे धरली.

"पण यात अठराच आहेत."

"मी यादीत नाही. यादी मी केलेली आहे. मी शिवप्पा, इथला व्यवस्थापक." गळती बुजवायला तो पत्र्यावर चढला होता आणि भिजून उतरला होता, सदरा चुलीपाशी वाळत होता. "आणि तुम्ही त्या तपासायला येणाऱ्या बाई. पण तुम्ही उद्या येणार होतात की."

"म्हणूनच आज आले."

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "असं होय. मग मी सदरा घालेपर्यंत तोंड तिकडं करा. आणि हे तपासणीत धरू नका."

मी कडुनिंबाकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे म्हाताऱ्या खुसखुसत होत्या. निंबोळ्यांचा कडसर वास, ओल्या घोंगड्यांचा वास, चुलीवरच्या भाकरीचा वास... चार वर्षं झाली, अजूनही कुठे ओलं घोंगडं वाळत घातलेलं दिसलं की माझी पावलं थांबतात.

ही १९३४ सालची गोष्ट. होटगी रस्त्यावर, गाव संपल्यावर, 'विसावा' नावाचं हे घर होतं. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ते पाच व्यापाऱ्यांनी मिळून काढलं होतं. त्या पंचांचे प्रमुख चनबसप्पाकाका, शेंगांचे मोठे व्यापारी आणि माझ्या वडिलांचे स्नेही. पंचांपैकी दोघांना आता ती जागा सरकीच्या वखारीला हवी होती. म्हाताऱ्यांची तिथे आबाळ होते, व्यवस्थापक शिधा बाहेर काढतो, असं त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. काकांनी ते खरंही मानलं नाही आणि खोटंही मानलं नाही. मी नुकतीच पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. काका घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "नीलव्वा, तू म्हणे कॉलेजात तराजूवर धुळीचा कणसुद्धा तोलायचीस. मग अठरा माणसं नीट जपली जातात की नाही, एवढं मला तोलून सांग."

मी हो म्हणून बसले आणि मग विचार करायला लागले. जपणूक मोजायची कशानं? दूध मोजता येतं, अंथरूण बघता येतं, वाढलेली नखं दिसतात, पाठीला जखमा आहेत का ते कळतं. हाक मारल्यापासून पाणी यायला किती वेळ लागतो तेही घड्याळ सांगतं. पण तपासणारी बाई दारात दिसली की दूध घट्ट होतं आणि पाणी लवकर येतं. माणसाचं वजन मात्र पाहुणा आला म्हणून बदलत नाही. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं. म्हणून मी ठरवलं की घटस्थापनेपर्यंत दर आठवड्याला सगळ्यांची वजनं घ्यायची. वार ठरवायलाच अर्धा दिवस गेला. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, गुरुवारी उपास, शुक्रवारी उपास, शनिवारी उपास, आणि रविवारी व्यवस्थापक बाजारात. सगळे जण जेवतात असा बुधवारच काय तो सापडला.

काकांच्या वखारीतला पोती तोलायचा काटा बैलगाडीतून आला आणि कडुनिंबाखाली बसला. पहिल्या बुधवारी शिवप्पा एकेकाला हाताला धरून आणत होता. फळीवर पाऊल ठेवायला त्यांचे पाय कापत. तो खाली बसून त्यांची पावलं आपल्या हातांनी उचलून फळीवर ठेवी, आणि मग हात चटकन काढून घेऊन माझ्याकडे बघे. त्याचा हात फळीवर राहिलेला नाही ना, हे मी पाहत होते. आणि मी ते पाहते आहे, हे तो पाहत होता.

"तीनदा का तोलता?" त्यानं विचारलं.

"एका वेळेवर विश्वास ठेवायचा नसतो. तीनदा बघायचं आणि मधला आकडा घ्यायचा."

"माणसांच्या बाबतीतही?"

"माणसांच्या बाबतीत तीनदासुद्धा पुरत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही येत राहणार."

मी पेन्सिल तोडली. मुद्दाम नाही... टोक फारच बारीक होतं. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, विळीवर टोक केलं आणि परत दिली. पुढच्या बुधवारपासून काट्याच्या बैठकीवर दोन टोकदार पेन्सिली आधीच ठेवलेल्या असत.

त्या पहिल्या दिवशी अठरा जणांचं मिळून वजन भरलं पंधराशे सहा पौंड.

मी नियमाची पक्की होते. तपासणाऱ्यानं तपासायच्या घरचं काही घ्यायचं नाही, म्हणून पाणीसुद्धा घरून फिरकीच्या तांब्यातून नेत असे. शिवप्पानं पहिल्यांदा चहा विचारला, मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा गूळशेंगा विचारल्या, मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, की कडुनिंबाची सावली तरी चालेल का, की तीही घरून आणली आहे?

मी एकेकाला वेगळं बसवून एकच प्रश्न विचारत असे: इथं तुम्हाला काय कमी आहे? माढ्याकडच्या दगडाबाई म्हणाल्या, काई न्हाय. सांगोल्याकडच्या मायाक्का म्हणाल्या, मेंढरांचा आवाज न्हाय, त्याबिगर झोप येत न्हाय. संगप्पा आजोबांचं सारं आयुष्य गिरणीत सुताची वजनं वाचण्यात गेलं होतं; ते म्हणाले, सकाळी गिरणीचा भोंगा इथवर नीट ऐकू येत नाही. धोंडीराम आजोबांनी फार वेळ विचार केला आणि म्हणाले, "बायकू."

हे सगळं टिपून घेताना मी त्या माणसालाही पाहत होते. ज्यांना दात नव्हते त्यांची भाकरी तो आमटीत कुस्करून, पाच मिनिटं झाकून ठेवून मग वाढी. मायाक्कांसाठी त्यानं शेजारच्या धनगराला सांगून संध्याकाळी कळप भिंतीच्या कडेनं न्यायला लावला. केस विंचरून दे म्हणणाऱ्या आजींचे केस तो पडवीत बसून विंचरी, आणि विंचरताना कानडीत काहीतरी गुणगुणे. तो अक्कलकोटच्या बाजूचा. आई गावी. गिरणीत कारकून होता; एका म्हाताऱ्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, इथं पोचवायला म्हणून आला आणि परत गेलाच नाही. हे मला त्यानं सांगितलं नाही, दगडाबाईंनी सांगितलं. त्याच्याविषयी काहीही विचारावं लागत नसे. म्हाताऱ्या आपणहून सांगत आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघत.

चौथ्या बुधवारी भाद्रपदातलं कोवळं ऊन पडलं होतं. वजनं संपली होती. तो मला टांग्यापर्यंत सोडायला आला. रस्त्याच्या कडेला तरवड फुलला होता. मी म्हटलं, सगळ्यांना विचारून झालं, तुम्हालाच विचारायचं राहिलं. तपासणीचा भाग म्हणून.

"विचारा की."

"इथं तुम्हाला काय कमी आहे?"

तो टांग्याच्या चाकाकडे बघत राहिला. घोड्यानं मान हलवली, घुंगरं वाजली.

"बुधवार," तो म्हणाला. "आठवड्यात बुधवार फार कमी आहेत."

मी टांग्यात चढले. टांगा होटगी नाक्यापर्यंत पोचला तेव्हा लक्षात आलं, की फिरकीचा तांब्या मी काट्यावरच विसरले होते.

पण त्याच दिवशी घरी येऊन बेरीज केली आणि पुन्हा करून पाहिली. वजनं उतरत होती. दुसऱ्या बुधवारी थोडी, तिसऱ्या बुधवारी जास्त, चौथ्या बुधवारी आणखी. काटाच बिघडला असेल म्हणून पाचव्या बुधवारी मी सरकारी शिक्क्याचं वजन नेऊन तो तपासला. काटा बरोबर होता. अठरा जणांचं वजन भरलं चौदाशे एकसष्ट पौंड. दगडाबाई एकाहत्तरवरून सहासष्टवर आल्या होत्या. पीठ मी स्वतः तोलत होते. जेवढं यायला हवं तेवढं कोठीत येत होतं, आणि रोज संपतही होतं. मग ते जात कुठे होतं?

चनबसप्पाकाकांनी आकडे पाहिले. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पीठ संपतं आणि माणसं वाळतात, याचा अर्थ मधे कुणीतरी खातं, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी पंचांपुढे मांडायचं ते मला सांगून टाकलं. घटस्थापनेच्या आधीच्या बुधवारी वजन पहिल्या बुधवारच्या वर गेलेलं असलं, तर विसावा चालू राहील आणि शिवप्पाही राहील. एक पौंडसुद्धा खाली असलं, तर दसऱ्याला कुलूप. म्हाताऱ्यांना आपापल्या गावी पोचवतील.

आपापल्या गावी. दगडाबाईंच्या गावात त्यांचं घर राहिलं नव्हतं. मायाक्कांचं तर गावच फिरतं.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी गेले. शिवप्पा विहिरीवर पाणी शेंदत होता. मी त्याला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. रहाट थांबला.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यानं विचारलं. "मी विकतो?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही."

"आहे की. माझ्यापुरता तेवढाच प्रश्न आहे."

मी म्हटलं, मला वाटत नाही. पण मला वाटत नाही म्हणून मी आकडा बदलणार नाही. काट्यावर येईल तेच लिहीन.

त्यानं पोहरा वर घेतला, पाणी घागरीत ओतलं. थेंबसुद्धा सांडला नाही.

"तेच लिहा," तो म्हणाला. "दुसरं काही लिहिलंत, तर... तर ज्या बाईंची मी बुधवारी वाट बघतो, त्या तुम्ही नव्हेत असं होईल."

मला तिथे उभं राहवेना. एखाद्या माणसावर रागवायचं ठरवून जावं आणि त्यानं असं बोलावं, याला काय म्हणायचं?

रविवारी दुपारी मी न सांगता गेले. तो बाजारात गेला होता. स्वयंपाकाच्या बाईंनी जेवण वाढलं होतं. गरम भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी. पानं भरलेली होती. मी खांबाआड थांबले. धोंडीराम आजोबांनी भाकरीचा चतकोर मोडून खाल्ला आणि उरलेली धोतराच्या सोग्यात गेली. मायाक्कांची पदराआड गेली. एकामागून एक... ओळीनं सगळ्यांची. स्वयंपाकाच्या बाई फिरून आल्या तेव्हा पितळ्या रिकाम्या होत्या, आणि सगळे पोटावरून हात फिरवत होते.

जेवणानंतर मी दगडाबाईंच्या बाजेवर जाऊन बसले. टेकायला म्हणून उशीवर हात ठेवला. उशी कुरकुरली. मी शिवण दाबून पाहिली. आत कापूस नव्हता. वाळलेल्या भाकरीचे तुकडे होते.

दगडाबाईंनी माझा हात धरला. जोरात नाही.

"ऱ्हाऊ दे बाई. निघायच्या दिशी लागंल."

"कुठं निघायच्या?"

त्या माझ्याकडे, मला काहीच कसं ठाऊक नाही अशा नजरेनं बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश सांगितलं.

"दुष्काळात आमी खडी फोडायच्या कामावर हुतो. लई माणूस. जी अगदीच हाडं झाल्याली हुती, त्यास्नी फुकट भाकरी मिळायची. मग एक सायब यायचा. दंड दाबून बघायचा. नंतर नंतर काटा आनला त्यानं, अस्साच. ज्याचं वजन वाढलं त्याचं नाव भाकरीतनं कमी. माझी सासू आठ दिस नीट जेवली बघ. काट्यावर चढली. सायब म्हनला, ही बरी झाली, हिला खडीवर घाला." त्यांनी उशीची शिवण चाचपली. "तिसऱ्या दिशी गेली ती. तुमी बी दर आटवड्याला काटा करता. आमाला कळत न्हाय व्हय? वाढलो की काढनार. म्हनून ठरवलं समद्यांनी. वाढायचं न्हाय."

बाहेर कळप भिंतीकडेनं चालला होता. मी उशी नीट ठेवली.

शिवप्पा बाजारातून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. पिशवी हातात तशीच धरून तो पडवीच्या पायरीवर बसला. रोज मी विचारत होतो, पोट भरलं का, तो म्हणाला. रोज म्हणत होते, भरलं. वय झालं की भूक कमी होते असं त्याला वाटलं होतं. मी म्हटलं, उशा उसवून टाकूया. तो म्हणाला, नको. "उशा तशाच राहू द्या. त्या त्यांच्या आहेत."

मग आम्ही दोघांनी मिळून सगळ्यांना समजावलं. कुणाला काढायचं नाही, उलट वजन वाढलं तरच इथं राहता येईल. सगळे मान डोलवत होते. व्हय, व्हय, बराबर हाय. आणि संध्याकाळी पुन्हा भाकरी पदराआड गेली. काटेवाला चांगलं बोलतो, हे त्यांनी पूर्वीही ऐकलं होतं.

रात्रभर मी विचार केला. चूक वजनात नव्हती, काटा कुणाच्या हातात आहे त्यात होती.

सहाव्या बुधवारी मी तांब्या घरीच ठेवून गेले. पानं वाढायच्या वेळी पंगतीत दगडाबाई आणि मायाक्का यांच्या मधे जाऊन बसले. शिवप्पा भाकऱ्यांची टोपली घेऊन उभा राहिला, आणि मग काही न विचारता माझ्यापुढे पितळी मांडून तिच्यात भाकरी वाढली. गरम, पातळ, कडेला थोडी करपलेली. मी खाल्ली. मग म्हटलं, दगडाबाई, आज मी काट्याला हात लावणार नाही. तुम्ही तोला. आधी मला.

दगडाबाईंना ते खरं वाटेना. त्या काट्याभोवती दोनदा फिरल्या. दांडीवरचं सरकतं वजन त्यांनी बोटानं जरासं ढकललं आणि हात मागे घेतला, विस्तव असल्यासारखा. पुन्हा ढकललं. दांडी सावकाश वर आली आणि थरथरत समतोल झाली. संगप्पा आजोबांनी डोळे बारीक करून आकडा वाचला.

"ब्याण्णव."

"लई कमी," दगडाबाई म्हणाल्या. "आई जेवाय घालत न्हाय का? जा, आनि एक भाकरी खा. शिवप्पा, वाढ हिला."

"बाई नको म्हणतील," तो म्हणाला.

"बाईला कोन इचारतंय? काटा माझ्याजवळ हाय."

मी दुसरी भाकरी खाल्ली. त्यानं ती वाढताना शेंगांच्या चटणीवर तेलाची धार जरा जास्तच सोडली. आमची बोटं पितळीच्या काठावर... असो. तपासणीत ते धरलं नाही.

त्या दिवसापासून काटा त्यांचा झाला. दगडाबाई तोलत, संगप्पा आजोबा वाचत, मी फक्त लिहीत असे. सगळ्यांना सगळ्यांचे आकडे पाठ झाले. कोण किती उतरला यावरून कुचेष्टा सुरू झाली, आणि कुणी उतरलं की दगडाबाई पंगतीत त्याच्यासमोर जाऊन बसत. पदराआड जाणारी भाकरी कमी झाली. अगदी थांबली नाही. दर बुधवारी शेवटी त्या मला आणि शिवप्पालाही काट्यावर चढवत. सातव्या बुधवारी मी ब्याण्णववरून चौऱ्याण्णववर गेले, आणि तो तीन पौंडांनी उतरला.

"ह्यो का वाळायला लागलाय?" दगडाबाईंनी काळजीनं विचारलं.

"बुधवार कमी पडत्यात त्याला," धोंडीराम आजोबा म्हणाले.

म्हणजे टांग्यापाशी आम्ही दोघंच नव्हतो. मी वहीत डोकं घातलं. शिवप्पा कारण नसताना विहिरीकडे गेला आणि भरलेली घागर पुन्हा भरून आला.

सातव्या बुधवारची बेरीज चौदाशे एकोणनव्वद होती. पहिल्या बुधवारपेक्षा अजून सतरानं कमी. एक आठवडा उरला होता.

शेवटच्या बुधवारी मी सकाळीच गेले. आभाळ निरभ्र होतं. चनबसप्पाकाका दहा वाजता यायचे होते. शिवप्पा कडुनिंबाखाली काट्याची फळी पुसत होता. त्यानं तोच स्वच्छ पांढरा सदरा घातला होता, पहिल्या दिवशी चुलीपाशी वाळत असलेला.

"तपासणी आज संपते," तो म्हणाला.

"संपते."

"आकडा चांगला आला तर मला तुम्हाला एक विचारायचं आहे. वाईट आला तर... नाही विचारणार. बिनकामाच्या, बदनाम माणसानं विचारू नये."

"मग आत्ता विचारा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"नंतर विचारलंत तर तुमचा प्रश्न त्या आकड्यावर टेकलेला राहील, आणि माझं उत्तरही. मला ते चालणार नाही. निकाल हातात येण्याआधी विचारायचं असतं."

त्यानं फडकं घडी करून ठेवलं. पुन्हा उलगडलं.

"माझ्या आईला... तुमच्या घरी पाठवू का?"

कडुनिंबावर कुठेतरी खार ओरडत होती. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, चार दिवस मनात जुळवलेलं.

"रविवारी पाठवा," मी म्हटलं. "बुधवारपर्यंत थांबू नका."

तो हसला. आवाज न करता, अगदी डोळ्यांपर्यंत. त्याला असं हसताना मी पहिल्या दिवसानंतर प्रथमच पाहत होते.

दहाला काका आले, सोबत ते दोन पंच. पडवीतले सगळे उठून कडुनिंबाखाली आले. काकांनी मला खूण केली, की चल, सुरू कर. मी वही आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"काका, आजची वजनं तुम्ही स्वतः घ्या. लिहाही तुम्हीच. मी दूर उभी राहते."

"का गं? सात आठवडे तूच लिहीत होतीस की."

"आज सकाळपासून मी निष्पक्ष राहिले नाही."

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि शिवप्पाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कान लालभडक झाले होते. दोन पंचांपैकी एक जण काही बोलणार होता. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"सकाळपासून म्हणजे आधी होतीस?"

"आधीही थोडी कमीच होते," मी म्हटलं. "पण काट्याला हात लावला नाही."

"हे मातूर खरं हाय," दगडाबाई पुढे येत म्हणाल्या. "काटा माझ्याजवळ हाय. पर आज तुमीच बघा, शेठ. मागनं बोल नगो."

काकांनी पगडी काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवली, बाह्या सारल्या आणि काट्यापाशी बसले. मी आणि शिवप्पा पडवीच्या दोन टोकांना उभे होतो. मधे सगळं अंगण. एकेक जण फळीवर चढत होता. कुणाला हात द्यावा लागला नाही. धोंडीराम आजोबा चढताना छाती फुगवून उभे राहिले, तेव्हा काका म्हणाले, वारा तोलत नाही आजोबा, सोडा. सगळे हसले, आम्ही दोघं सोडून. दगडाबाई सर्वांत शेवटी चढल्या. बहात्तर. त्यांनी आकडा ऐकला, खाली उतरल्या, आणि सरळ जाऊन स्वयंपाकघराच्या दारात भाकरीची वाट बघत बसल्या.

काकांनी बेरीज केली. मग ती खालून वर पुन्हा केली. मग वही पंचांना दाखवली.

अठरा माणसं. पंधराशे अकरा पौंड. पहिल्या बुधवारपेक्षा पाच पौंड जास्त.